कायव नाय

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
सोलं, सुतळी, रॉकेलचा पंप,
आणि काच लावलेल्या एका लाकडी खोक्यात
फोन.
गावाची मथुराकाकी. माझी आजी.
सुतार खोका बसवत होता तेव्हा म्हणे ती म्हणाली,
'दार घट लागाक व्हया हां. आतला आत ऱ्हवाक व्हया.'

मीटरवर लाल आकडे पळायचे
आणि ती पाठ करून तांदूळ निवडायची,
रेडिओ थोडा मोठा करून.
हसत बाहेर आला त्याच्याकडून पुरते पैसे.
डोळे पुसत आली तिला
'मीटर बिगाडला हा' म्हणून रुपया परत.
बाबा हिशोबाला बसत तेव्हा
ते मीटर महिन्यात अकरा वेळा बिघडलेलं असे.

फोन यायचेसुद्धा. कुवेतहून, बोटीवरून,
भायखळ्याच्या खोलीतून.
'धा मिन्टान परत कर रे,' सांगून ती मला पिटाळायची
बस्त्यावच्या आवशीकडे, हमीदाचाचीकडे,
आणि मी अनवाणी, वाळूतून, कुणाच्या वईवरून उडी मारून.
या पायांनी सात बाळंतपणं,
दहावी सुटलेली दोन पोरं
आणि एक व्हिसा घरपोच केला.
मिळकत: मूठभर काजूगर, कधी नुसताच गालगुच्चा.

दुसऱ्या जातीच्या खबरेला ती मला पाठवत नसे.
फोन ठेवायची. हात थोडा वेळ त्याच्यावरच.
मग फळी अर्धी लावून, चपला घालून
स्वतः निघायची, भर उन्हाची,
सावकाश.
सावकाश का, मी एकदा विचारलं.
'तेवढो येळ तरी त्येंचो बरो जांवदे.'

आजोबांची तार आली होती
ती सायकलवरून, घंटी वाजवत.
एवढंच मला माहीत आहे, तेही आत्याकडून.

गाव तिची चाल ओळखू लागलं.
खळ्यात मिरच्या पसरणाऱ्या बायांचे हात थांबत.
जिच्या दारावरून ती पुढे गेली
ती सुस्कारा सोडायची,
आणि मग त्याचीच लाज वाटून
तिच्या मागोमाग चालू लागायची.

त्यामुळे झालं असं, की आजीला
साधं ताक मागायला जाणं मुश्कील.
पोफळीच्या आडूनच ती ओरडत यायची:
'कायव नाय गो! कायव नाय!
वांगी मागूक इलंय!'

मग घरोघर मोबाईल आले. खोक्यात मोडक्या छत्र्या गेल्या,
एका वर्षी कोंबडी बसली अंड्यांवर.
आजीने काच मात्र पुसायची सोडली नाही.

ती गेली आश्विनात, पहाटेच्या भरतीला.
सहा वाजून दहा मिनिटांनी चुलतभावाने ग्रुपवर टाकलं,
फोटो, जोडलेले हात,
सव्वासहाला अख्ख्या गावाला ठाऊक.
तरी मी चपला घातल्या.

लोक दारात आले. मोबाईल पालथा धरून,
काही माहीत नसल्यासारखे.
'काय झाला रे?' हमीदाचाचीने विचारलं,
तिचे डोळे आधीच सुजलेले,
आणि मी सांगितलं, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.
तसं ते होतंही.

शेवटचं घर दाजी शिंप्याचं.
नव्वदी उलटलेली, आजकाल माणसं विसरतात.
मी जवळ बसून सांगितलं, दोनदा.
त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं,
बराच वेळ.
'खोटा सांगतंस. असली खबर असती
तर मथुरा सवता इली असती.'

मी म्हटलं, कायव नाय दाजी.
वांगी मागूक इलंय.

ते उठले. परसातली तीन काढून दिली.
एक किडकं होतं.